टिटवी तरली, धाविक का हरवला?

चैत्र सरत आला, की संग्रामपूर तालुक्यातील शिवारे मोकळी होतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, हरभरा आणि गहू घरात आलेला असतो आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काठापर्यंत पसरलेली काळी जमीन भेगाळून पावसाची वाट पाहत असते. याच दिवसांत एखाद्या धुऱ्यावर, नांगरटीच्या ढेकळांत किंवा गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीतील मुरमाड उंचवट्यावर टिटवी अंडी घालते. घरटे म्हणावे असे तेथे काही नसते. जमिनीत उकरलेला उथळ खळगा, त्याभोवती खडे, शेळ्यांच्या वाळलेल्या लेंड्या आणि मधोमध मातीच्या रंगाची, काळपट डागांची तीन-चार अंडी. त्यांची निमुळती टोके आत आणि जाड टोके बाहेर असतात. वितीवर पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. दिसण्याआधी टिटवीच ओरडून गाव गोळा करते.

ही अंडी कोठे आणि किती, याकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. टिटवीने उंचावर अंडी घातली, तर पाऊस भरपूर. खोलगट जागी घातली, तर कमी. अंडी चार तर पावसाचे महिने चार, असा ठोकताळा महाराष्ट्रभर सांगितला जातो. अक्षय्य तृतीयेच्या भेंडवळच्या घटमांडणीसाठी प्रसिद्ध असलेला जळगाव जामोद तालुका संग्रामपूरला लागूनच आहे. अशा मुलखात टिटवीच्या अंड्यांची चर्चा न झाली तरच नवल. शास्त्राच्या कसोटीवर हा ठोकताळा टिकलेला नाही. चार ही टिटवीच्या अंड्यांची नेहमीचीच संख्या आहे. टोके आत वळवून ठेवली, की चार अंडी पोटाखाली नेमकी मावतात, एवढाच त्या मांडणीचा अर्थ. तरीही या समजुतीमुळे एक गोष्ट घडली आहे. टिटवीचे घरटे ही लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेली, मोजलेली आणि बहुतेक वेळा न मोडता सोडलेली वस्तू आहे.

याच्या अगदी उलट नशीब तिच्या एका दूरच्या नातलगाच्या वाट्याला आले आहे. त्याचे घरटे आजवर एकाही पक्षितज्ज्ञाने पाहिलेले नाही. त्याचे एकमेव ज्ञात अंडे स्कॉटलंडमधील एका विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. या पक्ष्याचे नाव जेर्डनचा धाविक. तो केवळ भारतात, तेही दख्खनच्या पूर्व भागातील काटेरी झुडुपांत राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात ठेवले आहे. त्याच्या पुढचा टप्पा निसर्गातून नामशेष होण्याचा. या पक्ष्याच्या जुन्या नोंदींपैकी एक विदर्भातली, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळची आहे.

टिटवी आणि धाविक यांची तुलना वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु पक्षिशास्त्राच्या वर्गीकरणात हे दोघे एकाच गणात, कॅराड्रिफॉर्मिस या गणात येतात. तुतवार, शेकाट्या, पाणलावे, कुरव यांचाही गण हाच. या मंडळींना सरसकट ‘किनारपक्षी’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाव किनाऱ्याचे असले, तरी त्यातील काहींनी पाण्याचा काठ केव्हाच सोडला. टिटवी पाण्याजवळ रमते, पण शेतातही तितकीच सुखाने राहते. धाविकाने तर पाण्याशी नातेच तोडले आणि कोरड्या माळाचा व झुडुपांचा आसरा घेतला. लांब पाय, उड्डाणापेक्षा धावण्याकडे कल, जमिनीवर अंडी, अंड्यातून बाहेर पडताच चालू लागणारी पिल्ले ही या कुळांची सामायिक मिळकत आहे. मग एक पक्षी इराकपासून आग्नेय आशियापर्यंत पसरावा आणि दुसऱ्याला शोधण्यासाठी रात्रीच्या रात्री जागवाव्या लागाव्यात, असे का झाले?

प्रथम रूप. टिटवी साधारण ३५ सेंटीमीटर लांबीची. डोके, गळा आणि छाती काळी, डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा, पाठ कांस्य रंगाची, पाय पिवळे. डोळ्यासमोर लाल मांसल गाठ असते, म्हणून पुस्तकांत तिला ताम्रमुखी टिटवी म्हणतात. माळावर दिसणारी पीतमुखी टिटवी वेगळी. तिची गाठ पिवळी. जेर्डनचा धाविक टिटवीपेक्षा लहान, सुमारे २७ सेंटीमीटरचा. पाठ तपकिरी, डोळ्यावर रुंद फिकट भुवई, गळ्यावर तांबूस-नारिंगी ठिपका आणि छातीवर दोन तपकिरी पट्टे. या दोन पट्ट्यांवरूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘बायटॉर्क्वेटस’, म्हणजे दोन कंठ्यांचा, हा शब्द आला. डोळे मोठे, कारण त्याचा दिवस रात्री सुरू होतो. आपल्याकडच्या उघड्या माळरानांवर दिवसा दिसणारा साधा धाविक हा त्याच्याच कुळातला. पण त्याच्या छातीवर हे पट्टे नसतात, तो झुडुपांत राहत नाही आणि आजमितीस तो संकटातही नाही.

स्वभावात मात्र दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत. टिटवी संकटाला आवाजाने तोंड देते. कुत्रा, कोल्हा, माणूस, कोणीही घरट्याच्या दिशेने आला, की ती उडून त्याच्या डोक्यावर घिरट्या घालते, सूर मारते. पंख मोडल्याचे सोंग घेऊन त्याला लांब नेते. नसलेल्या घरट्यावर बसल्याचे नाटक करण्यासही ती कमी करत नाही. चांदण्या रात्री तिचा हा गोंगाट चालूच राहतो. घरावरून टिटवी ओरडत गेली, तर अशुभ घडते, या समजुतीचे मूळ बहुधा इथेच आहे. रात्री गावाबाहेर काही हालले, की पहिला गजर टिटवीचा होतो. मध्यरात्रीच्या शांततेत तो कानाला बरा वाटत नाही, इतकेच. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी भांडणारी पंचतंत्रातली टिटवी याच स्वभावाची आहे. आभाळ कोसळले तर पेलता यावे म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, ही लोककथाही तिच्या या आगाऊपणाला शोभणारीच.

धाविक याच्या उलट. चाहूल लागली, की तो जागीच थिजतो किंवा झुडुपाआड पळून जातो. उडणे हा त्याचा शेवटचा उपाय. तो आवाज काढतो तो सूर्यास्तानंतर साधारण पाऊण ते एक तासाने, अंधार दाटल्यावर. दोन स्वरांची छोटी हाक काही वेळा देतो आणि गप्प होतो. या गप्प राहण्याने त्याने शत्रूंना चकवले, तसे शास्त्रज्ञांनाही.

मद्रास इलाख्यात सैन्यातील शल्यचिकित्सक असलेल्या थॉमस जेर्डन यांना हा पक्षी पूर्व घाटाच्या परिसरात मिळाला आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नेल्लोर आणि कडप्पा हा त्याचा पहिला ज्ञात मुलूख. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड गोदावरी खोऱ्याची पाहणी करीत असताना, १८७०च्या सुमारास, त्यांना तो सिरोंचा आणि भद्राचलमजवळ आढळला. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरचे सिरोंचा तेव्हा मध्य प्रांतात होते. खडकांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाने पक्ष्याची एवढी मोलाची नोंद करून ठेवावी, हे त्या काळच्या सरकारी नोकरांच्या चौफेर कुतूहलाचे चांगले उदाहरण म्हणावे लागेल. त्यानंतर मात्र गोदावरी खोऱ्यातून त्याची खात्रीची नोंद मिळाली नाही. १९०० मध्ये अनंतपूरजवळ तो दिसला आणि पुढची ८६ वर्षे तो कोणाला सापडला नाही. पुस्तकांत त्याच्या नावापुढे ‘बहुधा नामशेष’ असे लिहिले जाऊ लागले.

१९७०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्याचा शोध घेऊन पाहिला. हाती काही लागले नाही. सोसायटीचेच संशोधक भरत भूषण यांनी १९८५ पासून पुन्हा शोध सुरू केला, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांची मदत घेतली. रात्री बॅटरीच्या उजेडात शिकार करणारे लोक झुडुपांतल्या प्रत्येक पाखराला ओळखत. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील रेड्डीपल्ली गावाजवळ अशाच एका स्थानिक शिकाऱ्याने हा पक्षी जिवंत पकडला आणि शास्त्राच्या दृष्टीने गेलेला पक्षी परत आला. तिथल्या लोकांच्या दृष्टीने तो कधी गेलाच नव्हता. तेलुगूत त्याला ‘कलिवी कोडी’ असे नावही आहे. कलिवी म्हणजे करवंद. करवंदीच्या जाळीतली कोंबडी. ज्या पक्ष्याला पुस्तकांनी मृत ठरवले, त्याचा पत्ता त्याच्या गावठी नावातच लिहिलेला होता. टपाल खात्याने १९८८ मध्ये त्याच्या पुनर्शोधाचे तिकीट काढले. त्याच्यासाठी श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य राखण्यात आले.

पुढचा अभ्यास आणखी अवघड ठरला. जो पक्षी दिवसा दिसत नाही आणि रात्री बोलत नाही, त्याची मोजदाद करायची कशी? २०००च्या सुमारास पी. जेगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती वापरली. झुडुपांमधल्या मोकळ्या जागी त्यांनी बारीक मातीच्या पट्ट्या अंथरल्या आणि रोज सकाळी त्यांवर उमटलेले पाय तपासले. या पट्ट्यांवरून टिटव्या आणि करवानकही चालून जात. त्यांच्या पावलांतून धाविकाचे पाऊल वेगळे काढणे हा कामाचा मुख्य भाग होता. सामान्य पक्ष्याची नीट ओळख असल्याखेरीज दुर्मीळ पक्षी सापडत नाही, हे पक्षी-निरीक्षणातले जुने सूत्र इथे अक्षरशः मातीत उमटले. स्वयंचलित कॅमेरेही लावण्यात आले. पुढे त्याचा आवाज प्रथमच ध्वनिमुद्रित झाला आणि तो आवाज वाजवून उत्तर मिळते का, हे पाहता येऊ लागले.

या अभ्यासातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. धाविकाला कोणतेही झुडुपी रान चालत नाही. दोन मीटरहून उंच झुडुपे हेक्टरी सुमारे ३०० ते ७०० असावीत आणि त्यांहून बुटकी हजाराच्या आत, अशा रानातच तो सापडण्याची शक्यता अधिक. झुडुपे याहून दाट झाली, की त्याला धावायला जागा उरत नाही. विरळ झाली, की लपायला. मधली ही नेमकी घडण कशी तयार होते? शेळ्यामेंढ्यांच्या चराईने आणि सरपणासाठीच्या माफक तोडीने. चराई थांबली तर रान गच्च होईल, वाढली तर उजाड. म्हणजे या पक्ष्याचे घर गुराखी आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका यांच्या रोजच्या वावराने टिकून राहिलेले आहे. अभयारण्याला कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवले, की काम झाले, या समजाला इथे धक्का बसतो.

टिटवीचा विचार याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिलाही मोकळी जमीन हवी, पण ती जमीन कोणी, कशासाठी मोकळी केली, याच्याशी तिला देणेघेणे नाही. नांगरलेले शेत, धरणाच्या कालव्याचा भराव, विटभट्टीजवळचे मैदान, रेल्वे रुळांमधली खडी, इमारतींच्या सपाट गच्च्या, या सर्व ठिकाणी तिची घरटी आढळली आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी विदर्भातला पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा उघड्यावरची अंडी शिजून जातील, असे वाटते. पण नर आणि मादी आळीपाळीने त्यांवर सावली धरतात. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येतात आणि अंड्यांना ओल देतात. २८ ते ३० दिवस हा क्रम चालतो. पिल्ले बाहेर आली, की काही तासांत घरटे सोडतात आणि आईने इशारा देताच ढेकळांना चिकटून अदृश्य होतात. अंडी गेली, तर टिटवी त्याच हंगामात पुन्हा मांडणी करते.

म्हणून शेती वाढली, तशी टिटवी घटली नाही. ज्या जमिनीवर झुडुपे तोडून नांगर फिरला, ती जमीन धाविकाच्या हातून गेली आणि टिटवीच्या हाती आली. श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य आणि परिसराच्या उपग्रह छायाचित्रांवरून झालेल्या अभ्यासात १९९१ ते २००० या काळात झुडुपी रान ११ ते १५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जे उरले, त्याचे तुकडे झाले आणि शेतीची सीमा झुडुपांच्या अधिकाधिक जवळ आली. २००५ मध्ये तेलुगू गंगा प्रकल्पाच्या कालव्याचे खोदकाम याच पट्ट्यात येऊन ठेपले आणि आरडाओरड झाल्यावर कालव्याचा मार्ग बदलावा लागला. शेतीला पाणी देणे हे पाप नव्हे. कडप्पाच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या पाण्याची तितकीच गरज होती. अडचण अशी, की कालव्यासाठी जागा शोधताना नकाशावर जो भाग रिकामा दिसला, तोच नेमका धाविकाचा होता.

अंड्याची कथा याहून चमत्कारिक. २०१३ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयातील एका अंड्याच्या कवचाची जनुकीय तपासणी झाली आणि ते जेर्डनच्या धाविकाचे असल्याचे सिद्ध झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात काम केलेल्या अर्नेस्ट गिब्सन या पशुवैद्याच्या संग्रहातून ते आले होते आणि ते १९१७ मधले होते. म्हणजे १९०० नंतर हा पक्षी हरवला, असे जग म्हणत असताना त्याचे अंडे एका लाकडी पेटीत पडून होते. कोलार कर्नाटकात आहे. तेव्हा त्याचा मुलूख समजला जात होता त्याहून विस्तृत असावा, हेही त्यातून दिसले. संग्रामपूरच्या कोणत्याही शाळकरी मुलाला टिटवीचे अंडे कसे असते, हे सांगता येईल. धाविकाच्या बाबतीत तेवढे कळण्यासाठी जनुकशास्त्राची प्रयोगशाळा लागली.

टिटवी जगली ती टिटवी आहे म्हणून, असाही निष्कर्ष काढता येत नाही. तिची अगदी जवळची, एकाच प्रजातीसमूहातली बहीण आज धाविकाच्याच यादीत आहे. इंग्रजीत तिला सोशिएबल लॅपविंग, म्हणजे थव्याने राहणारी टिटवी म्हणतात. ती कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करते आणि हिवाळ्यात एक फाटा सुदान-अरबस्तानकडे, दुसरा पाकिस्तान आणि वायव्य भारताकडे येतो. गुजरात-राजस्थानातील उघड्या माळांवर तिचे छोटे थवे दिसतात. तिलाही गुरांनी चरून बुटके केलेले गवत लागते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, सामूहिक शेतीची गुरे विकली-कापली गेली, गवत वाढले आणि टिटव्या गावांभोवतीच्या चराऊ तुकड्यांत गोळा झाल्या. तिथे अंडी गुरांच्या खुरांखाली जाऊ लागली. पुढे संशोधकांच्या लक्षात आले, की खरा घाला स्थलांतराच्या वाटेवर आहे. सीरिया आणि इराकमध्ये तिची शिकार होते. २००४ मध्ये तिला अतिसंकटग्रस्त ठरवले गेले. २००७ मध्ये उपग्रह यंत्र बसवलेल्या एका पक्ष्यामागोमाग जाताना तुर्कस्तानात ३२०० टिटव्यांचा थवा सापडला, तेव्हा तिची संख्या भीतीपेक्षा बरी असल्याचे कळले. आपली टिटवी स्थलांतर करीत नाही. बंदुकीच्या टप्प्यातून वर्षातून दोनदा जाण्याची पाळी तिच्यावर येत नाही. शिवाय तिला मारण्याचा, खाण्याचा प्रघात आपल्या खेड्यांत फारसा नाही, यातही तिचे मोठे भाग्य आहे.

तात्पर्य एवढेच, की या तीन पक्ष्यांत बलवान कोण आणि दुर्बल कोण, हे शरीरावरून ठरत नाही. ज्याची गरज माणसाच्या बदलत्या सवयीशी जुळली, तो राहिला. ज्याला एका ठराविक प्रकारची जमीन हवी होती, त्याचे भवितव्य त्या जमिनीला सरकारी दप्तरात काय म्हणतात, यावर येऊन थांबले.

हा मुद्दा विदर्भाला नवा नाही. वऱ्हाडात गुरचराईच्या सरकारी जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या दप्तरांत ‘झुडपी जंगल’ असा स्वतंत्र शब्द आहे. जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींतून तो आला. हलक्या प्रतीची, झुडुपे उगवलेली, लागवडीखाली नसलेली जमीन, असा त्याचा अर्थ. जंगल म्हणावे तर वृक्ष नाहीत, माळ म्हणावा तर झुडुपे आहेत. त्यामुळे ही जमीन शाळा, रस्ते, घरकुले, स्मशानभूमी, सर्वांसाठी वापरली गेली आणि वन संवर्धन कायदा आल्यावर याच कामांचा खोळंबाही झाला. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल वनीकरणास अयोग्य आहे, ते वन कायद्यातून मोकळे करावे, असा राज्याचा प्रयत्न दीर्घकाळ चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानावी लागेल, असा निर्णय दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांबाबत वेगळी प्रक्रिया करण्यास वाव ठेवला.

निर्णयाच्या चर्चेत घरे, रस्ते आणि विकासकामे यांचा विचार झाला आणि तो व्हायलाच हवा. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. झुडुपांत राहणाऱ्या जीवांचा विचार क्वचितच कोणी केला. वनीकरणास अयोग्य, म्हणजे निरुपयोगी, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. खरे तर अशा जमिनीवर खड्डे खणून दाट झाडे लावली, तर ससाणे, तितर, लावे, खोकड, घोरपड यांचे घर आपणच मोडतो. सिरोंचा तालुका त्याच सहा जिल्ह्यांपैकी एकात आहे. ब्लॅनफर्ड यांना दिसलेला पक्षी ज्या प्रकारच्या जमिनीवर राहतो, तिला आपल्या दप्तरात नाव असलेला हा महाराष्ट्रातला एकमेव भाग.

धाविकाच्या शोधाला २०२५ मध्ये पुन्हा जीव आला. २०००चे दशक संपल्यानंतर त्याची खात्रीची नोंद मिळेनाशी झाली होती. अभयारण्यात शोध घेऊनही उत्तर येत नव्हते आणि १९०० नंतरची कथा पुन्हा घडते आहे, असे वाटू लागले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षी-निरीक्षकांच्या एका छोट्या गटाला आंध्र प्रदेशात रात्री त्याची हाक ऐकू आली आणि ती ध्वनिमुद्रितही करता आली. जगातील प्रौढ धाविकांची संख्या ५० ते २४९च्या दरम्यान असावी, असा अंदाज मांडला जातो. या अंदाजातले खालचे टोक एका शाळेच्या वर्गाएवढे आहे.

टिटवीलाही काळजी करण्यासारखे काहीच नाही, असे नाही. तिच्या विणीचा काळ आणि खरिपाच्या मशागतीचा काळ एकच आहे. बैलांचा वखर हळू चालत असे, टिटवी ओरडली की वखर हाकणाऱ्याच्या कानी पडे आणि तेवढा तुकडा सोडून पुढे जाता येई. ट्रॅक्टरच्या आवाजात तिचा आवाज विरतो. गावांभोवती वाढलेली भटकी कुत्री अंडी-पिल्ले सोडत नाहीत. तरीही ती त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते, शेजारच्या धुऱ्यावर जाते. धाविकाला तशी दुसरी जागा नाही. संग्रामपूर विदर्भाच्या वायव्य टोकाला आणि सिरोंचा आग्नेय टोकाला. या दोन टोकांच्या मधल्या सर्व तालुक्यांत टिटवी आहे.

गोदावरीकाठच्या झुडुपांत धाविक अजून असेल का, हे पाहायचे, तर काम साधे आहे आणि कष्टाचेही. अंधार पडल्यावर झुडुपात जायचे, सूर्यास्तानंतरचा पाऊण तास स्वस्थ उभे राहायचे, ध्वनिमुद्रित हाक एकदा वाजवायची आणि कान द्यायचे. बरोबर गावातला कोणी गुराखी असेल, तर उत्तम. १९८६चा धडा तोच आहे. अशा वेळी पहिला आवाज ऐकू येतो तो बहुधा टिटवीचाच. माणूस झुडुपात शिरला, ही बातमी ती सगळ्या रानाला देऊन टाकते. ती गप्प होईपर्यंत थांबावे लागते आणि नंतरच्या शांततेत ऐकायचे असते.